गळालेली चप्पल

कोल्हापुरी चपलेला मागून पट्टा नसतो, बक्कल नसते. पुढचा अंगठा आणि वरचा पट्टा एवढ्याच आधारावर ती पायात राहते. खरं तर चप्पल पायाला धरत नाही, पायच चपलेला धरून असतो. प्रत्येक पावलागणिक बोटं किंचित आवळतात, सैल होतात. हे काम इतकं नकळत चालतं की आयुष्यभर कुणाच्या ध्यानात येत नाही. ध्यानात येतं ते बिघडल्यावर. माणूस गोठ्याकडून सोप्यात येतो आणि सून विचारते, “एक चप्पल कुठं टाकून आलासा?” तो खाली बघतो. डावा पाय अनवाणी. चप्पल वाटेत गळाली आणि पायाला पत्ताच नाही.

या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते दोन राज्यांच्या आठ जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्राचे. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकाचे. सीमेवरून इतकी वर्षं भांडणारी दोन राज्यं चपलेपुरती तरी एका कागदावर आली. निपाणी-चिकोडी-अथणीच्या पट्ट्यात ही चप्पल घरोघरी आहे, म्हणून मज्जातंतूंच्या एका दुखण्याची गोष्ट तिच्यापासूनच सुरू करू. पायातून चप्पल निसटते का, आणि निसटलेली कळते का, हे दोन प्रश्न विचारले तर हे दुखणं पुष्कळदा तपासणीच्या खोलीत पोचण्याआधीच ओळखू येतं. त्याचं कारण जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता. दवाखान्यात आणि आता गावातही त्याला सगळे ‘बी-ट्वेल्व्ह’ म्हणतात.

मुंग्या येतात, पण कोणत्या?

निपाणी हे तंबाखूचं आणि विड्यांचं गाव. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळत बसणाऱ्या बाईला पायाला मुंग्या येणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कानडीत त्यालाच ‘जोमु’ म्हणतात. पण त्या मुंग्या दाबामुळे आलेल्या असतात. पाय मोकळा केला, चार पावलं टाकली की त्या जातात. एका पायावर जास्त भार असेल तर एकाच पायाला येतात.

ब-१२ कमी पडल्यावर येणाऱ्या मुंग्यांची रीत वेगळी असते. त्या उठून उभं राहिल्यानं जात नाहीत. बहुतेक वेळा दोन्ही पायांत बरोबरीनं सुरू होतात, आधी बोटांच्या टोकांना, मग तळव्याला, मग घोट्याला. मोजा चढवावा तसा बधिरपणा वर चढतो. काही काळानं हातांच्या बोटांना लागतो, मग सदऱ्याची गुंडी लावताना किंवा खिशातलं नाणं चाचपताना अडखळायला होतं. रुग्ण सांगतात, “कापसावर चालल्यागत वाटतंय,” किंवा “पायात जीवच न्हाई.”

या तक्रारीतला सगळ्यात फसवा भाग अंधाराचा आहे. पाय कुठं आहे, जमीन सपाट आहे की उतरती, हे मेंदूला कळवणारी वाट पायाच्या मज्जातंतूंतून आणि पुढे पाठीच्या कण्यातल्या मागच्या बाजूच्या दोऱ्यांतून वर जाते. ती वाट खराब झाली की डोळे तिचं काम उचलतात. दिवसा माणूस पायाकडे बघत बघत बरा चालतो. रात्री डोळ्यांचा आधार सुटला की झोकांड्या जातात. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज आली म्हणून मोटर सुरू करायला निघालेला शेतकरी ओळखीच्या बांधावरून पाटात पडतो, तेव्हा घरचे म्हणतात, वय झालं. न्हाणीत डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल गेला तर म्हणतात, चक्कर आली. दोन्ही वेळा पायाकडून येणारी बातमी थांबलेली असू शकते. डॉक्टर पाय जुळवून उभं राहायला आणि डोळे मिटायला सांगतात ते हेच बघायला. एकोणिसाव्या शतकातल्या बर्लिनच्या रोम्बर्ग या डॉक्टरांच्या नावानं ती चाचणी ओळखली जाते. दुसरी चाचणी नादकाट्याची, म्हणजे ट्यूनिंग फोर्कची. थरथरता काटा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. निरोगी माणसाला ती थरथर कळते. या रुग्णाला काटा नुसता गार लागतो, कधी तेवढंही कळत नाही.

जोडीला इतर खुणा असतात. जीभ लाल, गुळगुळीत होते आणि तिखट सोसवत नाही. हाताच्या बोटांचे सांधे वरून काळवंडतात. दम लागतो, विसरायला होतं, स्वभाव चिडका होतो. पण या सगळ्या असतीलच असं नाही. हिमोग्लोबिन अगदी ठीक असूनही मज्जातंतू बिघडलेले असू शकतात. आणि पायाच्या बधिरपणामागे मधुमेह, कुष्ठरोग, दारू, थायरॉइड, दबलेली नस अशी इतर कारणंही असतात, कधी दोन कारणं एकत्र असतात. म्हणून निदान घरी करायचं नसतं. घरी फक्त शंका घ्यायची असते, तीही वेळेवर.

रक्त सुधारलं, पाय गेले

रक्त आणि नस यांचं एकमेकांशी असलेलं नातं वैद्यकालाही उशिरा कळलं. १९०० साली लंडनच्या तीन डॉक्टरांनी पाठीच्या कण्याच्या या दुखण्याचं सविस्तर वर्णन केलं, पण त्यावर उपाय नव्हता. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी जीवघेण्या पंडुरोगाच्या रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास काळीज खायला घालून बरं करून दाखवलं. १९३४ चं नोबेल पारितोषिक त्याच कामाचं.

दरम्यान मुंबईत वेगळंच कोडं उभं होतं. गिरणी कामगारांच्या कुटुंबांतल्या गरोदर बायकांना होणारा पंडुरोग काळजाच्या शुद्ध केलेल्या अर्कानं बरा होत नव्हता. ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधक १९२८ मध्ये मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेतून तिनं हा प्रश्न हाती घेतला. यीस्टच्या स्वस्त अर्कानं या बायका सुधारतात हे तिनं दाखवून दिलं. त्या अर्कातला अज्ञात पदार्थ पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला.

१९४० च्या दशकात फॉलिक आम्ल कारखान्यात बनू लागलं तेव्हा डॉक्टरांना वाटलं, आता काळजाची गरज संपली. पंडुरोग्यांना ते दिलं आणि रक्त खरोखर सुधारलं. पण काही महिन्यांत त्यांच्यातल्या अनेकांचे पाय बधिर होऊ लागले. फॉलिक आम्लानं रक्ताचं कर्ज फेडलं होतं, नसांचं तसंच राहिलं होतं. नसांचं कर्ज फेडणारा काळजातला दुसरा पदार्थ १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळपास एकाच वेळी हाती लागला. त्याचे लालभडक स्फटिक मिळाले. ते ब-१२. लाल रंग त्यातल्या कोबाल्ट धातूचा. डोरोथी हॉजकिन यांनी या रेणूची रचना उलगडली आणि त्यांना १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही जुनी गोष्ट आजच्या आरोग्य केंद्रातही उपयोगी पडते. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या गरोदरपणात आवश्यकच आहेत, त्या थांबवायच्या नाहीत. पण थकवा आहे, पायाला मुंग्या आहेत आणि कुणी नुसत्या त्या गोळ्यांवर भागवत असेल, तर ब-१२ ची तपासणी मागावी. रक्ताचा रिपोर्ट सुधारत जातो आणि आत नस झिजत राहते, हा धोका खरा आहे.

नस झिजते म्हणजे काय? विहिरीवरच्या मोटरची केबल डोळ्यांपुढे आणा. आत तांब्याची तार, वर रबराचं वेष्टन. मज्जातंतूलाही असंच चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टन असतं, त्याला मायलिन म्हणतात. ब-१२ नसेल तर ते नीट घडत नाही, असलेलं फुगतं आणि सुटत जातं. उंदरानं केबल कुरतडली तर आधी मोटर अडखळते. तार उघडी राहून तशीच पडली तर शेवटी तीही जाते. नसेचंही तसंच. आधी वेष्टन, मग तार. पुढे सांगायचं सगळं या एका क्रमावर उभं आहे.

दुधाच्या मुलखात

वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या या काळ्या मुलखात ऊस आहे, तंबाखू आहे, दारात म्हैस आहे. इथले जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. विसाव्या शतकातले दिगंबर आचार्य शांतिसागर याच भागातल्या भोज गावचे. लिंगायत घरं आहेत, माळकरी घरं आहेत. ब-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही. ते बनवतात जिवाणू. गाई-म्हशीच्या पोटात ते बनतं, दुधात उतरतं. शेवग्याचा पाला, मोड आलेली कडधान्यं, गूळ, नाचणीचं आंबील यांचे गुण कितीही असोत, ब-१२ साठी त्यांच्यावर विसंबता येत नाही. स्पिरुलिना नावाच्या हिरव्या भुकटीतलं ‘ब-१२’ बहुतांशी नकली असतं, म्हणजे शरीराला न चालणारं.

म्हणजे शाकाहारी माणसाची सगळी भिस्त दुधावर. हिशेब मांडून पाहू. मोठ्या माणसाला रोज साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम ब-१२ लागतं. १०० मिलिलिटर दुधात ते ०.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. चार कप चहात मिळून सव्वाशे मिलिलिटर दूध पोटात गेलं, तर गरजेचा जेमतेम पाव हिस्सा. वाटीभर दही खाल्लं की थोडी भर. पुन्हा पुन्हा उकळलेल्या दुधातलं काही जीवनसत्त्व नाश पावतं, ते वेगळंच. सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन डेअरीकडे जाणाऱ्या घरात स्वतःच्या वाट्याला किती दूध राहतं, हा प्रश्न ज्यानं त्यानं आपल्या स्वयंपाकघरात विचारावा.

शेजारच्या पुण्यात यावर भरपूर काम झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आहेत. २००६ मध्ये त्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या मिळून ४४१ पुरुषांच्या रक्ताचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांतल्या ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गीयांत तर ८१ टक्के. खाऊनपिऊन सुखी माणूसच जास्त रिकामा निघाला. यांतल्या प्रत्येकाला आजार होता असा याचा अर्थ नाही. पण त्यांची पिशवी तळाला गेली होती.

पिशवी हा शब्द मुद्दाम वापरला. यकृतात ब-१२ चा काही मिलिग्रॅम साठा असतो, तो वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून कमतरता हळू येते, आणि आयुष्यभर तेच जेवण जेवलेला माणूस साठीत म्हणतो, “आत्ताच काय नवं झालं?” नवं झालेलं असतं ते पोटात. वयाबरोबर जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं ब-१२ सुटं होत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, पित्तासाठी आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर शोषण आणखी घटतं. जठराचं ऑपरेशन झालं असेल, किंवा ब-१२ ला आतड्यात पोचवणारं प्रथिनच जठरात बनत नसेल, तर रोज मटण खाणाऱ्यालाही हे दुखणं होतं. तेव्हा हा शाकाहाराचा दोष म्हणून हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. शाकाहार पाळणाऱ्यानं त्याच्या जोडीला ठेवायची ही एक दक्षता आहे.

आणखी एक दक्षता घरातल्या गरोदर बाईची. १९६२ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा बाळांचं वर्णन केलं होतं, जी हसायची बंद होतात, मान धरेनाशी होतात, अंगावर काळसर डाग येतात. आईच्याच शरीरात ब-१२ नव्हतं, मग दुधात कुठून येणार?

बरं होण्याचं वेळापत्रक

आता साठीचे एक अण्णा कल्पू. ते कुणी एक माणूस नाहीत, या प्रकरणापुरते आपण घडवलेले आहेत. वर्षभर त्यांनी मुंग्यांकडे दुर्लक्ष केलं. गावात तीन-चार ‘ताकदीची’ लाल इंजेक्शनं घेतली, बरं वाटलं, थांबवलं. मग पाटात पडल्यावर मुलानं बेळगावला नेलं. इथला माणूस दुखणं वाढलं की बेळगाव, कोल्हापूर नाहीतर मिरज गाठतो. तिन्ही ठिकाणी मोठ्या रुग्णालयांची जुनी सोय आहे.

पहिली अडचण त्या लाल इंजेक्शनांचीच. इंजेक्शन घेतल्यावर रक्तातलं ब-१२ वर उडी मारतं आणि रिपोर्ट ‘भरपूर’ दाखवतो, नस मात्र उपाशीच असते. म्हणून रक्त आधी द्यावं, इंजेक्शन मग घ्यावं. मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खालचा आकडा बहुधा कमतरता दाखवतो. २०० ते ३०० ही शंकेची जागा. तिथं होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजून खात्री करता येते. दुसरी गोष्ट: अशा मिश्र इंजेक्शन-गोळ्यांत ब-६ ही असतं, आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर स्वतःच नसांना इजा करतं. ताकदीचं म्हणून काहीही कितीही घ्यायचं नसतं.

नसांवर परिणाम झाला असेल तर उपचार इंजेक्शननं सुरू होतात. एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन आधी रोज किंवा एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्या-दोन महिन्यांनी, अशी साधारण रीत; नेमका क्रम डॉक्टर ठरवतात. ‘हे औषध चालेल ना?’ ही शंका या भागातल्या घरांत हमखास निघते. आजचं ब-१२ काळजातून काढत नाहीत. विरजण लावावं तसे जिवाणू वाढवून ते बनवतात. फक्त कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं, तेव्हा साधी गोळी मागावी.

पहिल्या आठवड्यात अण्णांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. जिभेची आग गेली, भूक लागली. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन जागेवर आलं. घरचे खूश. अण्णा मात्र वैतागलेले, कारण मुंग्या वाढल्या होत्या. हे घडू शकतं. जी नस बातमीच देत नव्हती ती आता अर्धवट, चुकीची बातमी देऊ लागते. याच टप्प्यावर माणसं औषध सोडतात, आणि नेमकं याच टप्प्यावर सोडायचं नसतं.

रक्ताची पेशी काही महिन्यांची पाहुणी. जुनी जाते, नवी येते, म्हणून रक्त लवकर सुधारतं. नस मात्र नवी येत नाही, आहे तीच दुरुस्त करावी लागते. वेष्टन तेवढं गेलं असेल तर ते काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा चढतं. आतली तार तुटली असेल तर ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगानं वाढते. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत मीटरभर अंतर. गणित करून पाहा. आणि कण्यातली तार तुटली असेल तर ती जवळजवळ परत वाढतच नाही. म्हणून कोण किती बरा होईल हे वयापेक्षाही उपचाराआधी किती महिने वाया गेले यावर जास्त ठरतं. काही आठवड्यांतच उपचार मिळालेला पुष्कळदा पूर्ण सुधारतो. वर्ष-दोन वर्षं काढलेल्याचं काहीतरी मागे राहतं.

सुधारणा बहुधा पहिल्या तीन महिन्यांत दिसू लागते आणि सहा महिने ते वर्षभर चालू राहते. बधिरपणा ज्या वाटेनं चढला त्याच वाटेनं उतरतो. आधी नडगी मोकळी होते, मग घोटा. बोटांची टोकं सगळ्यात शेवटी.

या काळात औषधाइतकंच काम सरावाचं. दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहणं, फरशीच्या रेघेवरून टाचेला पंजा लावत चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. पायाची बातमी कमी येते म्हणून ती जास्त वेळा मागायची, असा हा प्रकार. तोवर पाय सांभाळायचे. आंघोळीचं पाणी पायानं नव्हे, हाताच्या कोपरानं बघायचं. तोडलेल्या उसाच्या खुंटांत अनवाणी जायचं नाही. संध्याकाळी तळवे उजेडात तपासायचे, कारण काटा रुतला तरी कळत नाही. न्हाणीच्या वाटेवर रात्रभर एक दिवा जळू द्यायचा. आग किंवा ठणका झोप उडवत असेल तर डॉक्टर वेगळी गोळी देतात. ती दुखणं शमवते, नस दुरुस्त करत नाही, हे लक्षात ठेवायचं.

आणि पिशवी पुन्हा रिकामी होऊ द्यायची नाही. कारण आहाराचं असेल तर दूध-दही वाढवायचं आणि रोजची किंवा आठवड्याची गोळी चालू ठेवायची. कारण शोषणाचं असेल तर जन्मभर इंजेक्शन, किंवा मोठ्या मात्रेची गोळी. एक मिलिग्रॅमच्या गोळीतलं टक्काभर ब-१२ कोणाच्याही मदतीविना आतड्यातून आत शिरतं, आणि तेवढं पुरतं.

वर्ष झालं. अण्णा पहाटे गोठ्यात जातात, मोटरीला मात्र आता मुलगा जातो. शेतात ते मागून पट्टा असलेली सँडल घालतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांनी कुरकुरत ऐकलं. कोल्हापुरी फक्त बाजारच्या दिवशी. डाव्या पायाच्या दोन बोटांना अजून कापूस गुंडाळल्यागत वाटतं, ते बहुतेक राहणारच. परवा बाजारातून येताना तीच डावी चप्पल पुन्हा पायातून सुटली. अण्णा एक पाऊल पुढं गेले, थांबले, मागं वळले आणि पायानंच ती चाचपून अंगठा पुन्हा वादीत घातला. खाली न बघता.